कोरड्या मुखाची कैफियत

चैत्र शुद्ध नवमीस पंचवटीतील काळाराम मंदिरात रामजन्माचा सोहळा आटोपल्यावर हातावर पडणारा चिमूटभर सुंठवडा पाण्याच्या घोटावाचून ज्यांच्या घशाखाली उतरत नाही, भाकरीचा पहिलाच घास ज्यांच्या टाळूस चिकटून बसतो आणि चार वाक्ये सलग बोलताच ज्यांची जीभ जड होऊन अडखळते, अशा स्त्रिया आपल्या नाशकात थोड्या नसाव्यात. परंतु त्यांची तक्रार घरात ‘उन्हाळा आहे’, दवाखान्यात ‘वय झाले’ आणि शेजारीपाजारी ‘पाणी कमी पीत असाल’ या तीन उत्तरांवर निकालात निघते. हे निकाल घाईचे आहेत.

मुख कोरडे पडण्याची कारणे अनेक. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरील काही औषधे, मधुमेह, मानेवर घेतलेले किरणोपचार ही त्यांतली परिचित. पण एक कारण असे आहे की ज्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वकीयांवर उलटते, लाळेच्या व अश्रूंच्या ग्रंथींत लिम्फोसाइट पेशींचा तळ पडतो आणि त्या ग्रंथी हळूहळू निकामी होत जातात. यास शोग्रेनचा आजार म्हणतात. तो कधी एकटा येतो, कधी आमवात वा ल्यूपस यांच्या सोबतीने. दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया, आणि त्याही बहुधा चाळिशी-पन्नाशीतल्या, म्हणजे ज्या वयात स्त्रीची कोणतीही तक्रार रजोनिवृत्तीच्या खात्यावर मांडण्याची आपल्याकडे वहिवाट आहे.

ज्याच्या नावाने हा आजार ओळखला जातो तो हेन्रिक शोग्रेन हा स्वीडनमधील नेत्रवैद्य. १९३३ साली स्टॉकहोम येथे सादर केलेल्या प्रबंधात त्याने कोरड्या डोळ्यांच्या १९ स्त्रियांची हकिकत मांडली व त्यांतील १३ जणींस सांध्यांचाही विकार असल्याचे नमूद केले. डोळ्यांच्या वैद्याने डोळ्यांपुरते पाहून मोकळे व्हावयाचे, पण या गृहस्थाने तोंडाची व सांध्यांचीही विचारपूस केली, आणि तीन ठिकाणची दुखणी एकाच मुळाची आहेत असा निष्कर्ष काढला. परीक्षकांस मात्र प्रबंध अध्यापकपदास पुरेसा वाटला नाही. दहा वर्षांनी, १९४३ मध्ये, ऑस्ट्रेलियातील ब्रूस हॅमिल्टन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केल्यावर वैद्यकविश्वाने त्याची खरी दखल घेतली. इतका काळ लोटला, तरी आपल्याकडील रुग्णा आजही डोळ्यांसाठी एका दाराशी, दातांसाठी दुसऱ्या आणि गुडघ्यांसाठी तिसऱ्या दाराशी उभी असते, आणि या तीन दारांआडचे इसम एकमेकांशी बोलत नाहीत. शेवटी कोणीतरी जाणता भेटतो तेव्हा तिने कसारा घाट उतरून मुंबई गाठलेली असते आणि तोवर तिचे निम्मे दात गेलेले असतात.

दातांचे हे जाणे मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत दुर्लक्षित भाग वाटतो. निरोगी माणसास दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. आयुर्वेदाने जिव्हेवर वास करणाऱ्या बोधक कफाकडे रसज्ञानाचे काम सोपविले आहे. आधुनिक शास्त्र त्यात आणखी भर घालते, ती अशी की लाळ अन्नातील व जंतूंनी निर्माण केलेले आम्ल सौम्य करते आणि दातांतून झिरपून गेलेला चुना त्यांस परत देते. मुखातील पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागते. लाळ असली की ही अवस्था लवकर सावरते, नसली की लांबते. म्हणूनच या रुग्णांची कीड हिरडीच्या कडेशी व दातांच्या टोकांवर, जेथे एरवी सहसा लागत नाही तेथे लागते. तोंड येते, बुरशी धरते, आणि कवळी बसविली तर तीही टिकत नाही, कारण कवळीस धरून ठेवणारी ओलच तेथे नसते.

या आजारात दिनक्रमाचे महत्त्व औषधाहून कमी नाही, आणि घोटाळा होतो तो तेथेच. तोंडास ओल यावी म्हणून बायका खडीसाखरेचा खडा तासन् तास गालात धरतात, लिंबाच्या गोळ्या, चिंच, मीठ लावलेला आवळा चघळतात. लाळ असेल तेवढी क्षणभर सुटते, परंतु साखर जंतूंस खाद्य पुरविते, आम्ल थेट दातांवर चालून जाते, आणि ते धुऊन टाकणारी लाळ तर आधीच रजेवर गेलेली. सुपारीची गोष्ट याहून वाईट: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तिला, तंबाखूची जोड नसतानाही, कर्करोगकारक ठरविले आहे. त्याऐवजी घोटघोट पाणी, जेवणानंतर झायलिटॉलचे बिनसाखरी च्युइंगम, भाकरी आमटीत चुरून, ताक प्यायल्यावर साध्या पाण्याची चूळ, मिसळीस गेल्यास तर्री वर्ज्य, रात्री खोलीत थोडा ओलावा, आणि दोन वेळा फ्लोराइडच्या पेस्टने दात घासणे, असा क्रम ठेवावा. तीळतेलाच्या गंडूषाने, म्हणजे ते तेल मुखात धरून ठेवण्याने, कोणास बरे वाटत असेल तर त्यास माझी हरकत नाही; पण तो फ्लोराइडची जागा घेऊ शकत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आणि हरतालिकेचा निर्जळ उपवास अशा स्त्रीने करू नये, हे तिच्या आईने वा सासूबाईंनी आपण होऊन सांगावे, कारण तिने स्वतः सांगितले तर ते निमित्त ठरते.

औषधे आहेत, पण ती ग्रंथींस पूर्ववत करीत नाहीत; उरल्यासुरल्या ग्रंथींस हाकारतात. लंडनच्या हॅडन या डॉक्टराने १८८८ मध्ये कोरड्या मुखाच्या एका स्त्रीस जाबोरांडी या ब्राझीलमधील वनस्पतीचा अर्क दिला होता. त्याच वनस्पतीतील पायलोकार्पिन आजही गोळीच्या रूपाने दिले जाते. घाम व वारंवार लघवी हा तिचा उपद्रव, आणि दमेकऱ्यांनी व विशिष्ट काचबिंदूच्या रुग्णांनी ती डॉक्टरांस विचारल्याशिवाय घेऊ नये. गालफडाची ग्रंथी सुजून तशीच राहिली तर विलंब करू नये, कारण या आजारात लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फोसाइट पेशींच्या कर्करोगाचा, धोका सामान्य जनांहून अधिक असतो. तसेच या आजारात रक्तात अनेकदा सापडणारी अँटी-रो प्रतिपिंडे असलेल्या स्त्रीने गरोदरपणी ते प्रसूतितज्ज्ञांस सांगावे, कारण गर्भाच्या हृदयगतीवर त्यांचा परिणाम होऊ शकतो.

आता खर्चाचा मामला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांची. दाखल न होता आयुष्यभर चालणाऱ्या गोळ्यांस व दर तीन-चार महिन्यांनी लावावयाच्या फ्लोराइडच्या लेपास तीत फारशी जागा नाही. खासगी विम्याच्या बहुतेक पॉलिसींत दंतचिकित्सा, अपघात वगळता, वर्ज्य असते. दात हे जणू देहाबाहेरचे अलंकार, अशी सरकारी दफ्तराची व विमा कंपन्यांची समजूत दिसते. जेथे दात जाणे हा रोगाचाच परिणाम आहे तेथे दंतोपचार रोगोपचारात न धरणे हा मला धडधडीत अन्याय वाटतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने मानलेल्या २१ प्रकारांतही या आजाराचे नाव नाही. अहमदाबादेतील सोगरेन्स इंडिया ही रुग्णांनी उभारलेली संस्था माहिती व आधार देण्याचे काम करते. ते काम स्तुत्य असले तरी शासनाचे कर्तव्य त्याने फिटत नाही.

ती तीन दारे एकत्र आणण्यासाठी नाशिकला बाहेरून काही आणावयाचे नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे आणि राज्यातील वैद्यक, दंत व आयुर्वेद महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. पंचवटीत दंत महाविद्यालय, आडगावास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्र्यंबक रस्त्यावर जिल्हा रुग्णालय आहे. आठवड्यातून एक दिवस दंत, नेत्र व औषधवैद्यक या तीन विभागांनी एका छताखाली बसावे, एवढी तजवीज करण्यास नवी इमारत लागत नाही. डोळ्याच्या कडेस कागदाची पट्टी पाच मिनिटे धरून ती पाच मिलिमीटर तरी भिजते की नाही हे पाहणारी शर्मर चाचणी कोणत्याही नेत्रविभागात होऊ शकते.

आणि वाचक भगिनींनो, तीन महिन्यांहून अधिक काळ रोज मुख कोरडे पडत असेल, कोरडा घास गिळण्यास दर वेळी पाणी लागत असेल आणि डोळ्यांत सतत कचकच जाणवत असेल, तर डॉक्टरांकडे अँटी-रो चाचणीची विचारणा करा. आणि दाताची कीड भरून घेण्यापूर्वी ती का लागली, हे दंतवैद्यास विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.