बर्क नावाचे क्रियापद

एखादी चौकशी, ठराव वा चर्चा गाजावाजा न करता दडपून टाकली म्हणजे ती 'बर्क केली' असे म्हणण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वृत्तपत्रांत आणि पार्लमेंटातील भाषणांत होता. हे क्रियापद आज क्वचितच आढळते. परंतु त्याची उत्पत्ती पाहिली म्हणजे त्याच्या अर्थाची धार ध्यानात येते.

त्या काळी एडिंबरो हे वैद्यकविद्येचे विख्यात पीठ होते. मात्र शवविच्छेदनासाठी कायद्याने मिळणारी प्रेते इतकी थोडी, की थडगी उकरून प्रेते विकणारांचा धंदा तेजीत चाले आणि नातलगांना कबरींवर लोखंडी पिंजरे बसवावे लागत. १८२७च्या अखेरीस विल्यम हेअर याच्या मुसाफिरखान्यात एक वृद्ध भाडेकरू चार पौंड थकवून आजाराने वारला, तेव्हा हेअर व त्याचा सोबती विल्यम बर्क यांनी त्याचे प्रेत डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शरीरशास्त्राच्या शाळेला साडेसात पौंडांस विकले. मरणाची वाट पाहत बसण्यापेक्षा ते घडवून आणणे किफायतीचे, हा हिशेब त्यांना मग सुचला, आणि पुढील वर्षभरात त्यांनी सोळा माणसे मारली, बहुतेक सारी दरिद्री आणि निराधार. सावजाला दारू पाजायची, छातीवर भार टाकायचा आणि नाकतोंड दाबून धरायचे. अंगावर घाव नाही, की ओरखडा नाही. अखेरच्या खुनातील प्रेत हाती लागले असताही वैद्यांना मृत्यूचे कारण निश्चयाने सांगता येईना, म्हणून सरकारला हेअरला माफीचा साक्षीदार करावे लागले. २८ जानेवारी १८२९ रोजी बर्क एकटाच फासावर गेला. नॉक्स यांच्यावर खटलाही झाला नाही. मातीचा स्पर्शही न झालेली ताजी प्रेते एकामागून एक दारात येत असता ती कोठून आली, हे त्या विद्वान गृहस्थांनी कधी खोदून विचारले नाही.

या क्रियापदाला कर्ता लागतो, म्हणून मला त्याचे मोल वाटते. आपल्या सरकारी मराठीत अहवाल 'विचाराधीन' असतो, प्रकरण 'प्रलंबित' राहते, तक्रार 'दप्तरदाखल' होते. कोणाच्या शेऱ्याने, कोणत्या तारखेस, याचा वाक्यात मागमूस नसतो. १९५२च्या चौकशी आयोग कायद्यान्वये नेमलेल्या आयोगाचा अहवाल, त्यावरील कार्यवाहीच्या निवेदनासह, सहा महिन्यांच्या आत विधिमंडळापुढे ठेवण्याचे बंधन राज्य सरकारवर आहे. ती मुदत टळल्यावरही 'अहवाल विचाराधीन आहे' हे वाक्य खात्याकडून आले तसे छापणारे वृत्तपत्र नॉक्स यांच्याच पंक्तीला बसते, असे मी पूर्ण विचारान्ती म्हणतो. ज्यांचे आप्त दंगलीत वा दुर्घटनेत दगावले आणि ज्यांनी आयोगापुढे शपथेवर साक्षी दिल्या, त्यांच्यापुरता तो अहवाल हाच एकमेव न्याय असू शकतो. म्हणून मुदत संपेल त्या दिवशीच्या अंकात अहवाल कोणत्या खात्यात, कोणत्या मंत्र्याच्या दप्तरात आणि किती तारखेपासून अडला आहे, हे नावानिशी छापले जावे. आणि तो सभागृहापुढे येईपर्यंत ती बातमी दर महिन्याला त्याच जागी पुन्हा यावी.