फुरसतीचा परवाना

मराठवाड्यातील मनुष्य पाण्याकडे पाहतो तेव्हा त्याच्या दृष्टीत रसिकतेपेक्षा हिशेबच अधिक असतो, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे न्यायाचे होणार नाही; कारण ज्या मुलखात उपयुक्त साठा आणि मृत साठा यांतील भेद शाळकरी पोरालाही ठाऊक असतो, मांजरा धरण किती टक्के भरले यावरून उसाच्या लागणीचे आणि मुलीच्या लग्नाचे बेत मागेपुढे होतात, आणि २०१६ च्या मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांवर ज्या लातुरात जमावबंदीचे १४४ कलम पुकारावे लागले, त्या मुलखात पाणी ही नुसती पाहत बसण्याची वस्तू आहे असे म्हणणारा इसम एकतर परका ठरतो किंवा वेडा. त्याच वर्षी १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ आगगाडी दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरच्या स्थानकात शिरली, तेव्हापासून तर आमच्याकडे पाण्याचे माप लिटरांत, अब्ज घनफुटांत आणि आगगाडीच्या डब्यांतही करता येते.

वास्तविक आमच्या गोदेच्या काठाला विलासाचे वावडे कधीच नव्हते. सातवाहन हाल राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत गोदावरी जागोजागी भेटते, आणि भेटते ती श्राद्धपक्षाच्या निमित्ताने नव्हे, तर तिच्या तीरावरील दाट कुंजांत संकेताने येणाऱ्या स्त्रीपुरुषांची साक्षीदार म्हणून. आणि वात्स्यायनाने तर सुसंस्कृत नागरकाच्या करमणुकींची गणना करताना गोष्ठी, आपानक आणि उद्यानगमन यांना एकाच पंक्तीत बसवून, समवयस्कांनी एकत्र जमून खाणे-पिणे व गप्पा करणे हा सभ्य जीवनक्रमाचाच भाग ठरवला आहे. पुढे नांदेडची गोदा तीर्थ झाली, १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचे देहावसान तिच्याच सान्निध्यात झाले, नगीनाघाट आणि बंदाघाट ही नावे साऱ्या शीख जगताला वंदनीय झाली, आणि ही तिची प्रतिष्ठा इतकी थोर आहे की त्या पात्रात कोणी पेला हाती घेऊन बसावे असे सुचवण्याची मला इच्छा नाही. परंतु विलास गेला त्याच्यासोबत स्वस्थपणाही गेला, याची मात्र खंत वाटते.

पिण्याचा आमच्याकडील इतिहास पाहू गेल्यास तो नेहमीच सरकारी खजिन्याचा नाहीतर सरकारी धाकाचा इतिहास राहिला आहे. निजामी अमलात अबकारी हे रियासतीच्या उत्पन्नाचे एक मातबर कलम होते, शिंदीच्या झाडांवर गुत्तेदारांची उपजीविका चाले, आणि म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या १९४७-४८ च्या धामधुमीत करोडगिरीची नाकी उद्ध्वस्त करणे आणि शिंदीची झाडे तोडणे हे दोन्ही कार्यक्रम देशभक्तीच्या एकाच यादीत आले. ज्या पिढीने कुऱ्हाड घेऊन शिंदीचे बन आडवे केले, तिच्या पोटी जन्मलेल्या आम्हां लोकांना पेल्याकडे निर्विकार मनाने पाहता येणे कठीणच होते. त्यावर कडी म्हणून पुढे आमच्या वाट्याला आला तो १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, ज्याच्या अन्वये कडक मद्यासाठी वयाची २५ वर्षे पुरी व्हावी लागतात आणि एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीव असा परवाना जवळ बाळगावा लागतो. आणि त्या परवान्यात हे मद्य आरोग्यरक्षणार्थ आहे असा जो उदात्त हेतू नमूद असतो, तो वाचून कायदेपंडितांच्या विनोदबुद्धीविषयी आदर वाटू लागतो.

या साऱ्याचा परिपाक म्हणजे आमच्या जिल्ह्यांच्या गावांतील परमिट रूम. काळ्या काचा, भरदुपारीही मिणमिणता दिवा, दाराकडे पाठ करून बसलेली मंडळी, कोणी ओळखीचे आत शिरले की एकमेकांना न पाहिल्याचा परस्परसंमत शिष्टाचार, घाईघाईने रिचवलेले दोन पेले, मूठभर बडीशेप आणि लांबच्या गल्लीने घरचा रस्ता: यात आनंदाला शिरायला फटच नसते. जी गोष्ट चोरून करावयाची ती लवकर उरकावी लागते, आणि जी लवकर उरकायची तिचे प्रमाण सुटते, हा साधा व्यवहार आहे.

हे सारे विवेचन मनात आले ते गेल्या एप्रिलात पणजीला, मांडवीच्या पात्रात शिडाच्या नौकेतून केलेल्या एका सायंकालीन फेरीत. आम्ही तीन जोडपी होतो, मुले आपापल्या उद्योगाला लागलेली, आणि नौकेचा नियमच असा की अठराच्या आतील कोणास प्रवेश नाही. हा नियम ऐकून लातूरच्या वहिनी जेट्टीवरच मोठ्याने हसल्या आणि म्हणाल्या, “बरं झालं बाई, आज कुणाला भूक लागली का, कुणाला शू लागली का, हे विचारायचं काम नाही.” आमच्याकडील सहल म्हणजे आजी, नातू, डबे, स्वेटर आणि औषधांची पिशवी यांचे स्थलांतर असते, त्या माउलीने आयुष्यभर अशी स्थलांतरे पार पाडली होती, आणि रिकाम्या हातांनी पाण्यावर जाण्यातील तिचा आनंद आम्हां पुरुषांच्या कोणत्याही पेयापेक्षा अस्सल होता.

नौका धक्क्यापासून दूर जाईपर्यंत इंजिनावर चालली. मग तांडेलाने इंजिन बंद केले, दोर ओढून शीड वर चढवले, ते दोनदा फडफडले आणि वाऱ्याने एकदम तट्ट भरले. त्याच क्षणी सारी नौका एका कुशीवर कलली, आणि नांदेडच्या वकीलसाहेबांनी कठडा असा काही पकडला की जणू जप्तीचे वॉरंट बजावायला आले आहे. वेंगुर्ल्याकडचा तो तांडेल शांतपणे म्हणाला, “वारो लागलो की ती वाकतलीच.” दिवसभर जमीन तापल्यामुळे समुद्राकडून जो खारा वारा सुटतो, तो एप्रिलच्या दुपारनंतर मांडवीच्या मुखातून थेट आत येतो, आणि वाऱ्याच्या तोंडावर शिडाची नौका सरळ नेता येत नसल्याने, पश्चिमेकडे जाण्यासाठी ती एकदा रेइश मागुशच्या किल्ल्याच्या रोखाने आणि एकदा मिरामारच्या वाळूच्या रोखाने, अशी नागमोडी काढावी लागते. प्रत्येक वळणावर शीड या अंगाचे त्या अंगाला जाते आणि बसलेल्यांना जागा बदलावी लागते. इंजिनाने वीस मिनिटांत संपणारे अंतर त्यामुळे तासभर पुरले, आणि त्या विलंबाची तक्रार कोणीही केली नाही.

आमचे लातूरकर स्नेही पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. नदीचे मुख उघडे झाले, डावीकडे काबोचे भूशिर आणि उजवीकडे १६१२ मध्ये पुरा झालेला आग्वादचा किल्ला दिसू लागला, सर्वांच्या तोंडून सौंदर्याचे काही उद्गार निघण्याच्या बेतात होते, तोच हे गृहस्थ अत्यंत व्याकूळ स्वरात उद्गारले, “काय हो, हे सगळं असंच समुद्रात जातं?” तांडेलाला त्या प्रश्नाचा अर्थ बरोबर कळला असावा, कारण मांडवीची म्हादई, म्हणजे बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी तीच ही नदी, आणि तिच्या पाण्यावरून तीन राज्यांनी मांडलेला दावा, हा त्याच्याकडेही रोजच्या बोलण्याचा विषय होता. २०१८ च्या ऑगस्टात लवादाने गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट असा निवाडा दिला, हे आकडे अभियंत्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवले आणि वकीलसाहेबांनी त्यावर अपिलाच्या तरतुदी काढल्या. मुखापाशी मोकळ्या पाण्यावर बसूनही आम्ही मराठवाडी लोक वाटपाच्या हिशेबातच बुडालो होतो. अखेर वहिनींनी “आता फाइल मिटा” असा हुकूम फर्मावला तेव्हा कोठे ती बैठक बरखास्त झाली.

पेयांचे म्हणाल तर काजूचा पहिला अर्क जो उर्राक, त्याचा तो हंगाम होता. लिंबाचे पेय, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून तो पेल्यातून पुढे आला, तेव्हा मिरचीच्या दर्शनाने आम्हांला तो तत्काळ आपल्याकडचा वाटला. ज्यांना तो नको होता त्यांच्यासाठी कोकमाचे सरबत होते, आणि तांडेल स्वतः तेच घेत होता. सुकाणू हातात असेतोवर दुसरे काही नाही, हा त्याचा दंडक. चखण्याला भाजलेले काजू आणि तळलेली कोलंबी होती. पण वहिनींनी पिशवीतून फडक्यात बांधलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर काढली, तेव्हा कोलंबीकडे कोणी पाहीना, आणि तांडेलानेही दोन धपाटे मागून घेतले. सूर्य पावणेसातच्या सुमारास आग्वादच्या टेकडाच्या अंगाला उतरला. अभियंत्यांना तोवर इतिहासाचे स्फुरण चढले होते: राष्ट्रकूट स्वतःस लट्टलूरपुरवराधीश्वर, म्हणजे लातूरचे स्वामी म्हणवीत, दक्षिण कोकणचे शिलाहार त्यांचे मांडलिक, तेव्हा या किनाऱ्यावर मूळ वहिवाट लातूरकरांचीच, असा त्यांचा दावा. वकीलसाहेबांनी त्याला उत्तर म्हणून उदगीरच्या शेजारच्या बीदरहून येऊन १४७२ मध्ये गोवे घेणारा महमूद गवान पुढे केला. तांडेलाने हे सारे ऐकून घेऊन, याच नदीतल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टात मुंबईहून निघाले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून २०१० च्या मे महिन्यात परतले, एवढेच सांगितले. मांडलिकांच्या वंशावळीपेक्षा हा पुरावा वजनदार होता, आणि दोन्ही पक्षकार गप्प बसले.

परतताना वारा पाठीशी होता, नौका सरळ उभी होती, आणि माझ्या ध्यानात आलेली गोष्ट अशी की सहा माणसांत मिळून आणलेल्या बाटलीतील निम्मी तशीच राहिली होती. कोणी संयमाची शपथ घेतली नव्हती. पत्नी शेजारी, आकाश उघडे, ओळखीचा कोणी येईल ही धास्ती नाही, निघण्याची घाई नाही. अशा परिस्थितीत पेला हे गप्पांच्या मधले विरामचिन्ह होते, त्याहून अधिक काही नाही. कायदा वयाचा दाखला मागतो आणि ते योग्यच आहे. परंतु जो पेला खाली ठेवून समोरच्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकू शकतो तोच वयात आला, असे माझे मत त्या संध्याकाळी कायम झाले. याचा अर्थ मद्याने सभ्यता येते असा कोणी काढू नये. कोकमाच्या सरबतावर असलेल्या दोघींच्या गप्पा आमच्याहून रंगल्या होत्या. सभ्यता येते ती फुरसतीने, आणि फुरसत उघड्यावर, बरोबरीच्या माणसांत आणि निर्लज्जपणे घ्यावी लागते.

आता हे साधण्यासाठी प्रत्येकाने पणजी गाठावी असे नाही. विष्णुपुरीचा जलाशय नांदेडच्या उंबरठ्यावर आहे, आणि तेथे काळेश्वराच्या पायाशी चहाचा थर्मास घेऊन बसायला कोणत्याही खात्याची मंजुरी लागत नाही. लातूर-धाराशिवकडे तर ही संस्था पूर्वापार चालत आलेली आहे: मार्गशीर्षातील वेळा अमावस्येला शहरे ओस पडतात, कचेऱ्यांना स्थानिक सुट्टी मिळते, शेतात कडब्याची कोप उभी राहते, मडक्यातून आंबील येते, भज्जी आणि उंडे यांच्या राशी वाढल्या जातात, आणि दुसऱ्या पेल्यानंतर त्या ताकापिठाच्या, लसूण घातलेल्या पेयाने येणारी गुंगी ज्याला ठाऊक आहे त्याला उर्राकचे अप्रूप फारसे राहत नाही. पण अलीकडे तेथेही मोटारी बांधाला लागतात, छायाचित्रे निघतात, पत्रावळीवर घाई होते आणि चार वाजता मंडळी परतीला लागतात, जणू उपस्थितीची सही करून आले. येत्या वेळा अमावस्येला एवढा एक ठराव व्हावा, की दिवस मावळल्याशिवाय कोणी शेतातून हलू नये, टक्केवारी आणि लवाद यांचा विषय कोपीच्या बाहेर ठेवावा, आणि आंबिलीचा पेला हाती असताना जो घड्याळ पाहील त्याला पुढच्या वर्षीचे निमंत्रण देऊ नये, मग तो प्रस्तुत लेखक का असेना.