टपाली मतांच्या टेबलापाशी जागता माणूस हवा

४ जून २०२४ रोजी वायव्य मुंबई लोकसभा मतदारसंघाचा निकाल लागला. फक्त मतदानयंत्रांतली मते धरली, तर उमेदवार अमोल कीर्तिकर प्रतिस्पर्धी रवींद्र वायकरांपेक्षा एका मताने पुढे होते. टपाली मते वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ पडली, आणि वायकर ४८ मतांनी खासदार झाले. दोघांची मिळून नऊ लाखांवर मते, पण पारडे फिरवले ते तीन हजारांच्या आसपासच्या पाकिटांनी. कीर्तिकर न्यायालयात गेले. डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. कोण जिंकायला हवे होते, याची चर्चा मला इथे करायची नाही. असा निकाल ज्या टेबलावर ठरतो, तिथे दोन्ही बाजूंची जाणती माणसे बसलेली असतात का, एवढेच विचारायचे आहे.

हे टेबल कोणाचे? सीमेवरच्या जवानाचे, निवडणुकीच्या कामाला जुंपलेल्या शिक्षिकेचे, घरूनच मत देणाऱ्या ८५ वर्षांपुढच्या आजोबांचे, ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदाराचे. यंत्रातले मत बटण दाबताच नोंदले जाते. टपाली मताला मात्र प्रत्येक पायरीवर माणसाची परीक्षा द्यावी लागते. बाहेरचे पाकीट उघडायचे, नमुना १३-अ मधले घोषणापत्र पाहायचे, सही आहे का, साक्षांकन आहे का, मतपत्रिकेचा अनुक्रमांक जुळतो का हे तपासायचे. यात खोट निघाली तर आतले पाकीट न उघडताच मत बाद. जवानाचे मत कुणाला होते हे मग कधीच कळत नाही. एक शिक्का अस्पष्ट, एक सही अर्धवट, आणि निर्णय अधिकाऱ्याच्या नजरेवर. म्हणूनच तिथे दुसरी नजर हवी.

ती नजर कायद्याने दिलेली आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे उमेदवाराला मतमोजणी प्रतिनिधी नेमता येतात. नमुना १८ भरून दिला की झाले. फेरमोजणी मागण्याचा हक्कही निवडणूक नियमांतल्या नियम ६३ मध्ये आहे, पण अर्ज लेखी हवा, कारणांसह हवा, आणि निकालपत्रावर सही होण्यापूर्वी हवा. सही झाली की दार बंद. जो आधीपासून टिपणे घेत बसला नाही, तो त्या घाईत कारणे कुठून आणणार? माझे स्पष्ट मत आहे की आपले सगळेच पक्ष या कामाला कार्यकर्त्यांची हौस समजतात. गुलाल आधी मागवतात, प्रशिक्षण राहून जाते.

आणि दुसरीकडून हक्क कुरतडला जातोय. डिसेंबर २०२४ मध्ये, पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने निवडणुकीची कागदपत्रे व चित्रण देण्याचा आदेश दिल्यानंतर काही दिवसांतच, निवडणूक नियमांतला नियम ९३ बदलला आणि सीसीटीव्ही चित्रण लोकांच्या तपासणीबाहेर गेले. निवडणूक आयोगाच्या ३० मे २०२५ च्या सूचनेनुसार निवडणूक याचिका नसेल तर चित्रण ४५ दिवसांनी नष्ट करता येते. याचिका दाखल करण्याची मुदतही ४५ दिवसांचीच. म्हणजे चित्रण टिकायला याचिका हवी, आणि याचिकेत नेमके काय लिहायचे ते कळायला चित्रण! मतदारांच्या खासगीपणाचे कारण आयोग देतो. मतदान केंद्रापुरते ते समजण्यासारखे आहे. पण मतमोजणीच्या दालनात मतदार असतो कुठे? तिथे असतात अधिकारी, प्रतिनिधी आणि पाकिटे. प्रतिनिधींवर गुप्तता पाळण्याचे बंधन तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२८ ने घातलेलेच आहे.

ओरडून काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी एक ताजे उदाहरण. टपाली मोजणी पुरी होण्याआधी यंत्रांची उपांत्य फेरी सुरू करायची नाही, ही जुनी शिस्त २०१९ मध्ये सुटली होती. विरोधी पक्षांनी २०२४ च्या निकालापूर्वी आयोगाचे दार ठोठावले. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने ती शिस्त परत आणली. उशिरा, पण आणली.

तेव्हा पुढच्या निवडणुकीत मतदान करून घरी बसू नका. सरकारी नोकरीत नसाल तर तुमच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जा, अपक्ष असला तरी जा, आणि टपाली टेबलावर बसायची तयारी असल्याचे सांगा. निवृत्त शिक्षक, बँकवाले, वकील यांनी तर जावेच. सह्या आणि शिक्के तपासण्यात त्यांचा जन्म गेला आहे. नमुना १३-अ आधी वाचून जा. बाद झालेल्या प्रत्येक पाकिटाचे कारण विचारा, वहीत लिहा, आकडे जुळवा. हरकत असेल तर तोंडी नको, कागदावर द्या. आवाज चढवू नका. दालनाबाहेर काढायला निमित्त मिळेल.

घरी असाल तर दोन पत्रे लिहा, एक आयोगाला, एक तुमच्या खासदाराला. मागणी एकच ठेवा: मतमोजणी दालनाचे चित्रण किमान वर्षभर जपा आणि उमेदवाराने मागितल्यास त्याला दाखवा. तुम्ही ज्याला मत दिले तो जिंकला असेल, तरीही लिहा.