बॉम्बे कॅसलच्या पोटातला वाडा

बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांशी बहुतेक उपनगरवासीयांचा निदान ओझरता परिचय असतो. खाली शैव लेणे, त्यातल्या एका भिंतीवर कोरलेला क्रूस आणि माथ्यावर फ्रान्सिस्कन मठाचे छप्पर हरवलेले अवशेष. सोळाव्या शतकाच्या मध्यास आंतोनियो दो पोर्तो या पाद्र्याने लेण्याचे चर्च केले, तेव्हापासूनचे हे थर उघड्यावर उभे आहेत. शाळकरी मुलगाही ते वाचू शकतो.

आजचा धागा त्याच काळात, त्याच पोर्तुगीज राजवटीत, साष्टीच्या दक्षिणेकडील मुंबई बेटावर उभ्या राहिलेल्या एका घराविषयी आहे. त्याचे थर मंडपेश्वरपेक्षाही दाट आहेत. ते सहजी पाहता मात्र येत नाहीत. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमागे, नौदलाच्या 'आयएनएस आंग्रे' या तळाच्या आवारात ते दडलेले आहेत. त्या जागेला आपण बॉम्बे कॅसल म्हणतो.

आधी एक नेहमीचा घोळ निस्तरू. 'फोर्ट' हा भाग आणि 'कॅसल' ही एकच वस्तू नव्हे. ज्या तटबंदीवरून फोर्टला नाव मिळाले, ती नगराभोवतीची भिंत गव्हर्नर चार्ल्स बूनच्या काळात, म्हणजे १७१५ नंतर उभी राहिली आणि १८६२ नंतर बार्टल फ्रियरच्या आमदानीत पाडली गेली. कॅसल त्याहून जुना आणि आतला. त्याच्याही पोटात होता एक वाडा. तो किल्ला म्हणून बांधलेलाच नव्हता. ते होते खंडाने घेतलेल्या बेटावरचे, बागेतले घर.

१५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाने वसई आणि तिच्या ताब्यातली बेटे पोर्तुगीजांना दिली. पोर्तुगीजांनी गावे आणि बेटे आपल्या माणसांना वार्षिक खंडावर तोडून दिली. या खंडाला ते 'फोरो' म्हणत. मुंबईतला फोरास रोड हा त्याच शब्दाचा वंशज. म्हणजे आपल्याकडे एका करपद्धतीचे स्मारक रस्त्याच्या पाटीवर शिल्लक आहे आणि ती पाटी आपण रोज न वाचता ओलांडतो.

मुंबई बेट १५५४ च्या सुमारास मिळाले गार्सिया द ओर्ता या वैद्याला. त्याचे आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले आणि पुढे पोर्तुगालात सक्तीने ख्रिस्ती केलेले ज्यू. तो १५३४ साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारीही त्याची वैद्य म्हणून ये-जा होती. १५६३ साली गोव्यात छापलेला त्याचा भारतीय औषधींवरील संवादग्रंथ हा या देशात मुद्रित झालेल्या अगदी पहिल्या ग्रंथांपैकी एक. चारच वर्षांत त्याचा संक्षिप्त लॅटिन अवतार युरोपात पोहोचला. आपल्या मुंबईच्या बेटाचा आणि तिथल्या आंब्यांचा उल्लेख त्याने त्यात कौतुकाने केला आहे.

परंपरा सांगते की वाडा त्याने बांधला. पण त्याला 'मुंबईचा आद्य निसर्गप्रेमी' वगैरे ठरवण्याची घाई नको. तो राहत असे मुख्यतः गोव्यात. बेटावरच्या कोळी, भंडारी, कुणब्यांच्या कष्टातून खंड निघे आणि त्यातून वाडा उभा राही. त्याच्या ग्रंथात औषधी आणून दाखवणारी अंतोनिया ही गुलाम आहे. दुसरीकडे, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरात, १५६९ साली, गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची बहीण कातारिना हिला जाळले, आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली. जमीनदार आणि बळी, दोन्ही एकाच माणसात होते. हे एका वाक्यात बसत नाही, म्हणून पाठ्यपुस्तकात ओर्ता येत नाही, असा माझा तर्क आहे.

घराचे पुढचे आयुष्य धकाधकीचे. ऑक्टोबर १६२६ मध्ये इंग्रज आणि डच आरमारांनी मिळून ते जाळले. ते पुन्हा उभे राहिले. १६६१ च्या विवाहतहाने बेट इंग्लंडच्या राजाकडे जायचे ठरले. पोर्तुगीज व्हाइसरॉय ते सोडायला तयार नव्हता. ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन अंजदीव बेटावर वाट पाहत मेला आणि त्याचे बहुतेक सैनिकही तिथेच गेले. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हम्फ्री कुकने ताबा घेतला, तोही याच वाड्यात. वाड्याची मालकीण तेव्हा दोना इनेस द मिरांदा नावाची विधवा होती. 'मुंबई आंदण दिली' हे वाक्य आपण सहज बोलतो. त्या व्यवहाराच्या कागदावर सह्या झाल्या त्या खोलीची धनीण एक बाई होती, हे त्यात कुठेच येत नाही.

इंग्रजांना जे घर मिळाले त्याचे वर्णन १६७३ साली आलेल्या जॉन फ्रायर या डॉक्टराने केले आहे. चांगल्या जागी वसलेले पण संरक्षणास कच्चे घर, साऱ्या बेटाच्या बचावाला चार पितळी तोफा, आणि भोवती हिंदुस्थानातली सर्वांत रमणीय म्हणून नावाजलेली बाग. फ्रायर आला तेव्हा बागेच्या सावलीतल्या वाटांच्या जागी बुरूज उभे राहिले होते. वास्तुशास्त्राच्या दृष्टीने मुंबईतला हा सर्वांत बोलका बदल आहे. ताटव्यांवर तट चढला आणि घराचा किल्ला झाला. राजाने १६६८ साली बेट कंपनीला वर्षाला १० पौंडांच्या खंडाने दिले होते. खंड आता दुसऱ्या राजाला जाऊ लागला. पद्धत तीच राहिली.

हे तट वाया गेले नाहीत. १६८९ साली सिद्दी याकूतखान बेटावर उतरला तेव्हा इंग्रज या भिंतींआड कोंडले गेले आणि शेवटी औरंगजेबाची माफी मागून सुटले. याच मुंबईतून बूनने १७१८ मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर आरमार धाडले. ते हात हलवीत परतले. स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ साली इथल्या तळाला आंग्र्यांचे नाव दिले, तेव्हा नाव ठेवणाऱ्याला इतिहासाची जाण नक्कीच असावी. कान्होजींना हा किल्ला जिंकायची गरज पडली नाही.

मूळ घर आज उभे नाही. तटाचे भाग, दरवाजा, एक जुने सूर्यघड्याळ, एवढेच उरले आहे. "मग पाहायचे काय?" असे विचारणारे भेटतात. त्यांना मी मंडपेश्वरच्या माथ्यावर जायला सांगतो. तिथेही छप्पर नाही, तरी गोष्ट पूर्ण कळते.

सुरक्षेचा आक्षेप खरा आहे. चालू नौदल तळात रोज पर्यटक सोडा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण मलबार हिलच्या राजभवनात राज्यपाल राहतात, तरी तिथल्या भूमिगत बंकरात २०१९ साली संग्रहालय झाले आणि नागरिक पूर्वनोंदणी करून ते पाहतात. वर्षातून एक दिवस, मर्यादित संख्येने, ओळखपत्र तपासून कॅसलचा दरवाजा उघडता येईल. १८ फेब्रुवारी ही तारीख त्यासाठी तयारच आहे. तेवढेही जमत नसेल तर टाउन हॉलच्या पायऱ्यांजवळ, तळाच्या बाहेर, मराठीत एक फलक लावावा. त्यावर ओर्ता असावा, अंतोनिया असावी, दोना इनेस असावी, आणि ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत त्या खंड भरणाऱ्यांसाठी एक ओळ असावी.