वणव्यापूर्वीची जाळरेषा

उन्हाळा तोंडावर आला की गोंडपिपरी-धाब्याच्या जंगलात वनखात्याचे मजूर पालापाचोळा झाडून व जाळून लांबच लांब पट्टे मोकळे करतात. या पट्ट्यांस जाळरेषा म्हणतात. वणवा लागणारच नाही, अशी हमी जाळरेषा देत नाही. एका बाजूची आग दुसऱ्या बाजूस जाऊ नये, एवढेच तिचे काम. आग लागल्यावर जाळरेषा काढावयास निघणाऱ्या माणसास या मुलखातले पोरही हसेल. परंतु अरण्याच्या बाबतीत जे शहाणपण आपण पाळीत आलो, ते आपल्या कचेऱ्या, बँका व रुग्णालये यांच्या संगणकांच्या बाबतीत मात्र विसरलो आहोत, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

संगणकांवरील या नव्या वणव्यास रॅन्समवेअर म्हणतात. एखाद्या कर्मचाऱ्याने फसव्या पत्रासोबत आलेली फाइल उघडावी, किंवा जुन्या प्रणालीतील न बुजविलेले छिद्र चोरास सापडावे, एवढे निमित्त पुरते. मग हा प्रोग्राम एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात शिरतो, साऱ्या नोंदी सांकेतिक कुलपात बंद करतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. दप्तर जागेवरच असते. पण त्यातले एक अक्षरही धन्यास वाचता येत नाही.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी हाच प्रसंग ओढवला. पाच सर्व्हरांवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि देशातील अग्रगण्य रुग्णालयास कित्येक दिवस कागदावर कारभार चालवावा लागला. संस्थेच्या संगणकजाळ्याचे योग्य विभाग पाडलेले नव्हते, अशी कबुली पुढे सरकारने संसदेत दिली. आमच्या भाषेत सांगावयाचे, तर तेथे जाळरेषाच नव्हती. त्यापूर्वी मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे मुंबईतील मुख्यालय व १६ प्रादेशिक कार्यालये यांना एकाच हल्ल्याची झळ पोचली होती.

हे थोरामोठ्यांचे दुखणे. त्याचे गोंडपिपरीस काय, असे कोणी विचारील. त्याने ३१ जुलै २०२४ चा दिवस आठवावा. लहान बँकांस संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या एका कंपनीच्या यंत्रणेस रॅन्समवेअरची बाधा झाली आणि सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. राष्ट्रीय देयक महामंडळाने त्या कंपनीचा संबंध तातडीने तोडला, म्हणून बाधा पुढे पसरली नाही, व दुसऱ्याच दिवशी व्यवहार सुरू झाले. ही तत्परता प्रशंसनीय खरी. परंतु ती आग लागल्यानंतरची होती.

आता तर हे जाळे थेट गावच्या सोसायटीपर्यंत येत आहे. ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. योजना स्तुत्य आहे. तीत आम्हांस खोट काढावयाची नाही. पण तिच्यामुळे सोसायटी, जिल्हा बँक व नाबार्ड एका धाग्यात गुंफली जात आहेत, हे ध्यानात घ्यावयास हवे. ऐन मृगात सोसायटीच्या नोंदी कुलूपबंद झाल्या, तर धान-कापसाच्या शेतकऱ्यास पेरणी लांबविता येणार नाही. तो सावकाराचे दार ठोठावील. ही खंडणी कोणा चोराने मागितलेली नसेल, पण ती त्याला वर्षभर फेडावी लागेल.

मग उपाय काय? जून २०१७ मध्ये खंडणीचा मुखवटा घातलेल्या नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रामने मेर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर उद्ध्वस्त केली. आपल्या न्हावाशेवा बंदरातील तिच्या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले. कंपनीस ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. संपूर्ण जाळ्याचा नकाशा जपणारी यंत्रे सर्वत्र नष्ट झाली; वाचले ते एकच, आफ्रिकेतील घाना देशातले. कारण त्या वेळी तेथील वीज गेली होती! जे जाळ्यापासून तुटले होते, तेच उरले. मेर्स्कला जे दैवाने दिले, ते आपण शिस्तीने मिळवावयाचे आहे.

म्हणून प्रत्येक संस्थेने दप्तराची एक प्रत जाळ्यापासून पूर्णपणे तोडून, दुसऱ्या इमारतीत ठेवावी आणि ठरलेल्या दिवशी ती उघडून पाहावी. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हेच. हिशेबाच्या संगणकावर टपाल उघडू नये. दुरुस्त्या वेळेवर बसवाव्यात: मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने सुमारे १५० देशांत उच्छाद मांडला, तेव्हा मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती येऊन दोन महिने लोटले होते. हल्ला झालाच तर लपवू नये. सहा तासांत सर्ट-इनला कळविणे २०२२ पासून बंधनकारक आहे. प्रत राखल्याने माहितीची चोरी टळत नाही, हे खरे. म्हणूनच नको त्या हाती किल्ल्या देऊ नयेत. आणि खंडणी भरल्याने दप्तर परत मिळेलच, याची हमी कोण देणार?

परंतु हा भार अनेक सोसायट्या सांभाळणाऱ्या एकट्या गटसचिवावर टाकून मोकळे होणे, हा अन्याय होईल. त्यास ना वेळ, ना साधन, ना शिक्षण. संगणक देणाऱ्यांनीच त्याच्या रक्षणाचीही तरतूद करावयास हवी. चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा बँक व जिल्हाधिकारी कार्यालय यांनी या कामासाठी जबाबदार माणसे नेमावीत, त्यांस पैसा द्यावा आणि येत्या खरिपापूर्वी प्रत्येक तालुक्यात एकदा तरी राखलेल्या प्रतीवरून दप्तर पुन्हा उभे करून दाखवावे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. जाळरेषेचा खर्च वाया गेला, असे या जंगलात कोणी म्हणत नाही. कचेऱ्यांतही ते कोणी म्हणू नये.