प्रयोगशाळेतल्या बेडकाचा हिशेब

बेडूक म्हटलं की चिकट जीभ लपकन बाहेर काढून किडा टिपणारा प्राणी डोळ्यांपुढे येतो. पायपिडी कुळातल्या बेडकांना जीभच नाही. आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत आढळणारं, चाळीसच्या आसपास जातींचं हे कुळ जवळजवळ सारं आयुष्य पाण्यात काढतं. भक्ष्य पाण्यासकट तोंडात ओढायचं, मावत नसेल तर पुढच्या पायांनी कोंबायचं, अशी त्यांची जेवणाची रीत.

यातला आफ्रिकन नखीवाला बेडूक, झेनोपस लेव्हिस, 1930च्या दशकात माणसाच्या उपयोगी पडला. लॅन्सलॉट हॉग्बेन यांनी केपटाउनमध्ये केलेल्या प्रयोगांतून एक गर्भचाचणी निघाली: बाईच्या लघवीचं इंजेक्शन मादीला द्यायचं, बाई गरोदर असेल तर काही तासांत बेडकी अंडी घालते. आधीच्या चाचण्यांत उंदीर, ससे मारावे लागत. बेडकी मात्र पुन्हा वापरता येई. मग हजारोंनी बेडूक जगभर रवाना झाले. जॉन गर्डन यांनी याच जातीवर केलेल्या क्लोनिंगच्या कामाला 2012 साली नोबेलही मिळालं.

नव्या चाचण्या आल्या आणि रुग्णालयांतली गरज सरली. बेडूक मात्र उरले. काही निसटले, काही सोडून दिले गेले. आज कॅलिफोर्निया, चिली, फ्रान्स, पोर्तुगाल इथल्या तळ्यांत ते मोकाट आहेत आणि स्थानिक बेडकांची पिल्लं गिळतात. शिवाय अनेक उभयचरांचा काळ ठरलेली काइट्रिड बुरशी हे बेडूक स्वतः फारसे आजारी न पडता वागवू शकतात. ती मुळात त्यांच्यासोबतच जगभर पसरली, असा संशय होता. 2018च्या जनुकीय अभ्यासाने तिचं मूळ पूर्व आशियात दाखवलं. म्हणजे बेडकावरचा एक आरोप सैल झाला. प्राण्यांच्या व्यापारावरचा नाही.

या बेडकाला ‘आक्रमक’ ठरवणाऱ्या याद्या खोट्या नाहीत, पण सोयीच्या आहेत. समुद्र ओलांडण्याचा बेत बेडकाने आखला नव्हता. जी संस्था किंवा जो व्यापारी परका प्राणी आणतो, त्याच्याकडून आणतानाच लेखी हमी घ्यावी: काम संपल्यावर याचं काय होणार आणि तो निसटला तर निपटाऱ्याचा खर्च कोण देणार? सध्या हे बिल बहुधा करदात्याच्याच माथी येतं.

परक्या प्राण्याचा फटका उलट बाजूनेही बसू शकतो. याच कुळातला झेनोपस लाँगिपेस कॅमेरूनच्या ओकू सरोवराबाहेर कुठेच नाही. त्या ज्वालामुखी सरोवरात मासे नाहीत, म्हणून तो टिकून आहे. मत्स्यशेतीच्या उत्साहात कुणी तिथे मासे सोडले, तर ती जात कायमची संपू शकते.