इटालियन पंगत आणि वसईची चूल

पिझ्झा खाल्ला म्हणजे इटालियन जेवण जेवलों, असा समज आमच्या विद्यार्थ्यांत दृढ झालेला दिसतो. आचोळ्याच्या बाजारांत मिळणाऱ्या पिझ्झ्यावर पनीर, मका व चीझ यांचा एवढा थर असतो, कीं खालची भाकरी दिसेनाशी होते! मुलांस तो रुचतो. त्याविषयीं माझी तक्रार नाहीं. परंतु जुन्या वळणाच्या, नांवाजलेल्या इटालियन भोजनगृहांत जो जेवावयास बसेल, त्याच्यापुढें निराळेंच ताट येतें.

तेथें सर्व पदार्थ एकदम वाढीत नाहींत. आरंभीं तोंडी लावण्याजोगें थोडें कांहीं, मग पास्ता किंवा भात, नंतर मासळी अथवा मांस, शेवटीं फळ किंवा गोड, असा क्रम असतो. पास्ता किंचित् दांतास लागेल इतकाच शिजवितात व निथळतांच वाढतात. तो निवत ठेवून गप्पा मारणें हा स्वयंपाक्याचा अपमानच होय. मासळीच्या पास्त्यावर चीझ मागितल्यास वाढप्याच्या कपाळास आठ्या पडतात. रोमच्या प्रसिद्ध कार्बोनारांत अंडें, चीझ, मिरें आणि डुकराच्या गालाचें खारविलेलें मांस, एवढीच सामग्री. मलई नाहीं.

अशा भोजनगृहाची कीर्ति मला वाटतें या हट्टावरच उभी आहे. कारण हे पदार्थ बहुतांशीं घरगुती चुलीवरचे. इटली १८६१ सालीं एक राष्ट्र झाली. त्यानंतर पेल्लेग्रिनो आर्तूसी या गृहस्थानें घरोघरच्या पाककृति जमविल्या. प्रकाशक मिळेना, तेव्हां १८९१ सालीं पदरमोड करून त्यानें पुस्तक छापलें. पुढें गृहिणी पत्रें धाडून नव्या कृति कळवूं लागल्या, आणि ४७५ कृतींच्या ७९० झाल्या.

मराठींतहि लक्ष्मीबाई धुरंधरांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० सालीं आणि कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० सालीं निघाली. परंतु राजेळी केळ्यांचीं सुकेळीं किती दिवस वाळवावयाचीं, फुग्यांचें पीठ कितपत सैल भिजवावयाचें, बाटली-मसाल्यांत कोणत्या मिरच्या किती घालावयाच्या, हें अजून पुष्कळ घरांत आजीच्या हातांसच ठाऊक आहे. केळीच्या बागांच्या जागीं इमारती उठत आहेत. उद्यां आजी नसेल, तर त्या चवीचा पत्ता कोणास विचारावा? मुंबईंत परक्या आजीच्या पाककृतीस मोठी किंमत मोजणारे पालक स्वतःच्या घरची कृति मात्र कागदावर उतरवीत नाहींत, हें मला चमत्कारिक वाटतें.

विद्यार्थिमित्रहो, उन्हाळ्याच्या सुटींत घरीं मसाल्याची तयारी सुरू झाली, कीं वही घेऊन शेजारीं बसा. प्रमाण विचारल्यावर आजी ‘अंदाजानें’ असेंच सांगेल. तिची मूठ मसाल्यांत पडण्यापूर्वीं वाटींत रिकामी करून घ्या, आणि तो आंकडा लिहून ठेवा.